माझी ज्योत निळी आहे

मी बोलतोय तो डिझेलचा स्टोव्ह. मासेमारीच्या बोटीत, केबिनच्या जिन्याला लागून, चार बोल्टांवर घट्ट बसवलेला. मला बोलायची सवय नाही. पण माझ्यावर एकदा आळ आला होता, की मी माझ्याच मालकाला हळूहळू मारतोय. तो आळ गेला. तरी धक्क्यावर अजून कोणी ना कोणी विचारतं, "तोच ना तो स्टोव्ह?" म्हणून एकदाच सांगतो आणि गप्प बसतो.

माझा जन्म डेन्मार्कमधल्या एका लहान कारखान्यातला. अंग पोलादी पत्र्याचं, बूड आणि माथा बीडाचा. माझ्यात पंखा नाही, वायर नाही, लुकलुकणारा दिवा नाही. वर तेलाची टाकी. टाकीपासून तांब्याची बारीक नळी. नळीच्या शेवटी एक डबी, तिच्यातलं तेल ठरल्या पातळीच्या वर चढत नाही. तिथून तेल थेंब थेंब माझ्या पोटातल्या तापलेल्या भांड्यात पडतं. थेंबाची वाफ होते आणि ती वाफ जळते. एवढंच माझं काम.

पण त्या जळण्याला हवा लागते. भांड्याच्या कडेला भोकं आहेत, तिथून मी हवा ओढतो. पुरेशी मिळाली तर ज्योत निळी आणि आखूड. कमी पडली तर पिवळी, लांब, आळसावलेली, आणि मागून काजळी. काजळी धरलेल्या स्टोव्हवर विश्वास ठेवू नये. मी कधी काजळी धरली नाही.

उष्णता माझ्याजवळ राहते, धूर राहत नाही. धूर धुराड्यातून वर जातो, छतातून डेकवर, टोपीखालून वाऱ्यात. धुराडं तापलं की धूर आपोआप चढतो, आणि चढताना मागची हवा ओढून नेतो. ती हवा केबिनमधली. म्हणजे मी जेवढी हवा खातो तेवढी बाहेरून आत यावीच लागते. त्यासाठी केबिनच्या भिंतीत झडप असते. हे नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्या झडपेवर आहे.

मला विकत घेतलं आनफिनने. उत्तर नॉर्वेतल्या लोफोतन बेटांवरचा कोळी. हिवाळ्याच्या अखेरीला कॉड मासा अंडी घालायला किनाऱ्याशी येतो, तेव्हा सगळा उत्तर नॉर्वे बोटी घेऊन तिकडे जमतो. घर दूर, म्हणून माणसं महिना-महिना बोटीतच झोपतात. आनफिनच्या बोटीचं नाव 'हेर्दिस', त्याच्या बायकोचं.

आनफिन माझ्यासारखाच होता. कोणावर चटकन भरवसा नाही. मला बसवल्यावर त्याने पहिल्यांदा पेटवलं, दार लावून घेतलं, आणि दाराच्या खिटीवर हात ठेवून माझ्यासमोर दिवसभर बसून राहिला. डोळा माझ्या काचेवर, नाक वर. शेवटी उठला आणि मुलाला म्हणाला, "आइलर्ट, चालेल हा. पण त्या झडपेत मोजा कोंबलेला दिसला, तर तो तुझ्या तोंडात कोंबीन."

हे बोलणं उगाच नव्हतं. माणसांची खोड मला माहीत आहे. वारा लागतो म्हणून झडपेत मोजा कोंबतात, टोपी कोंबतात, वर्तमानपत्राचा बोळा कोंबतात. मग डोकं दुखतं आणि शिव्या स्टोव्हला. ओले हातमोजे माझ्या कठड्यावर वाळत घालतात आणि म्हणतात, स्टोव्हला वास येतो. मी ऐकून घेतो.

आनफिन गेला, बोट आइलर्टची झाली. आइलर्टने आयुष्यभर ती झडप उघडी ठेवली. बर्फ पडलं की हाताने खरवडून मोकळी केली. त्या झडपेवर त्याचा जेवढा विश्वास होता, तेवढा माणसांवर नव्हता.

आइलर्ट एकटा मासेमारी करायचा. पहाटे निघायचा, गळ टाकायचा, दुपारी मासे उतरवायचा आणि धक्क्याला लागायचा. बायको वारली होती, म्हणून घरी न जाता बोटीतच झोपायचा. एक मुलगी, सोलरून. ती, आम्ही धक्क्याला लागायचो त्याच गावात, तिन्नवोगला, मासे उतरवून घेण्याच्या केंद्रावर वजनाला उभी असायची. दुपारच्या सुट्टीत बोटीवर यायची. येताना पाव आणायची आणि सल्ला आणायची.

"बाबा, किती दिवस एकटे जाणार?"

"मासे आहेत तोवर."

"मासे तुमच्यानंतरही राहणार आहेत."

"मग तेव्हा विचार कर."

इतकं झालं की दोघं उकडलेला मासा खायचे, त्यावर काळीज आणि गाभोळी. मग कॉफी. कॉफी माझ्या माथ्यावर. दोघंही फार बोलत नसत. मला ते आवडायचं.

मग शेजारी ब्यार्टे आला.

मोसमात धक्का कमी पडतो. बोटी एकमेकींना खेटून लागतात, एक धक्क्याला, दुसरी तिच्या कुशीला. 'जागा नाही' असं कोणी कोणाला म्हणत नाही. म्हटलं तर तो माणूस गावातून उठला. आम्ही समुद्रावर असताना ब्यार्टे नवीकोरी बोट घेऊन आला आणि धक्क्याला लागला; परतलो तेव्हा आम्ही त्याच्या कुशीला लागलो. चाळिशीचा, हसरा, जरा जास्तच बोलका. मला तो पहिल्या दिवशीच खटकला. इतकं हसायचं कारण काय?

"आइलर्टकाका, कॉफीचा वास थेट माझ्या बोटीत येतो!"

"मग तुझी बोट लांब बांध."

"लांब कुठे बांधू? वासासाठीच तर आलोय."

आइलर्टने पेला पुढे केला. ब्यार्टेने माझ्याकडे बघितलं. "हा आजोबा अजून चालतो? माझ्याकडे या एकदा. बाकाखाली बुटाच्या खोक्याएवढी पेटी आहे. बटण दाबलं की गरम. घरून फोनवरूनसुद्धा चालू होते."

"घरून बोट तापवून काय करतोस? मासे येऊन बसतात का?"

ब्यार्टे मोठ्याने हसला. मी नाही हसलो.

त्या पेटीचं काम कसं, ते ब्यार्टेनेच हौसेने सांगितलं. पेटीत पंखा. जळायची हवा ती एका नळीने बाहेरून घेते आणि धूर दुसऱ्या नळीने बोटीच्या कुशीतल्या भोकातून बाहेर फुंकते. केबिनची हवा वेगळी. ती तापलेल्या धातूवरून फिरते आणि गरम होऊन परत येते. केबिनच्या हवेचा आणि धुराचा संबंध नाही. "म्हणजे माझ्या केबिनमध्ये धूर यायची शक्यताच नाही," ब्यार्टे म्हणाला.

मला हे ऐकूनच संशय आला. माझा धूर मी डोक्यावरून सोडतो, सगळ्यांना दिसेल असा. जो कुशीतून, पाण्यालगत, गुपचूप सोडतो, त्याला काय लपवायचंय?

दोन बोटींच्या मधे टायर टांगलेले असतात, घासू नये म्हणून. मधली फट हातभर. तिच्यावरून पाय टाकून माणसं धक्क्याकडे जातात. आइलर्टचा पाय एकदा बर्फावरून घसरला. ब्यार्टेने धरलं म्हणून वाचला. दुसऱ्याच दिवशी ब्यार्टेने कुठूनसा जाड रबरी पट्टा आणला, मासे वाहून नेणाऱ्या यंत्राचा जुना, आणि दोन्ही कठड्यांवर लांबच्या लांब अंथरला. फट झाकून गेली.

"आता डोळे मिटून चाला काका."

"मी कोणाचे उपकार घेत नाही."

"उपकार कसले? तुम्ही पाण्यात पडलात तर कॉफी कोण देईल?"

आइलर्ट गुरगुरला, पण त्या पट्ट्यावरून चालू लागला.

त्याच आठवड्यात वारा पडला. आकाश स्वच्छ, थंडी कडक, पाणी काचेसारखं. आणि आइलर्टचं डोकं दुखू लागलं.

आधी त्याने कोणाला सांगितलं नाही. सकाळी उठायचा, कपाळ दाबून बसायचा. मग ओकारी. बुटाच्या नाड्या बांधताना बोटं चुकायची. मी समोरच होतो, सगळं बघत होतो. समुद्रावर गेला की दुपारपर्यंत ठणठणीत व्हायचा. धक्क्याला लागला, जेवला, झोपला, की पुन्हा तेच. आणि जोराचा वारा सुटलेल्या दिवशी काही नाही. मी हे हेरलं होतं. पण स्टोव्हला कोण विचारतो?

गावात मात्र बोलणं सुरू झालं. आइलर्टने दोरी चुकीच्या खुंट्याला बांधली. आइलर्ट उतरवलेले मासे पुन्हा उतरवायला आला. आइलर्ट झोकांड्या खात चालतो. हे सोलरूनच्या कानावर घातलं ते ब्यार्टेनेच. आमच्या डेकवर उभं राहून, हळू आवाजात. धुराड्यातून मला ऐकू आलं.

"राग मानू नकोस सोलरून. पण काका सकाळी उभे राहताना धरून उभे राहतात. मी दोनदा बघितलं."

"पितात का?"

"मी पिताना बघितलं नाही. खोटं कशाला सांगू?"

"मग तसं का म्हणतोस?"

"मी कुठे म्हटलं? तूच म्हटलंस."

माझी खात्री पटली. याला बोट हवी आहे. धक्क्याची जागा तर आधीच घेतली. आधी पट्टा अंथरायचा, मग कान भरायचे.

सोलरून त्या दिवसापासून बदलली. आली की आधी बापाच्या तोंडाशी वाकायची, जणू गालाला गाल लावायला. ती हुंगत होती. आइलर्टच्या ते ध्यानात आलं. त्याने तोंड फिरवलं. तोंड फिरवलं म्हणून तिचा संशय वाढला. आणि तिचा संशय बघून त्याला वाटलं, हिला बोट विकायची घाई झालीय. अशी दोन माणसं, त्याच टेबलाशी, तोच मासा खात.

"समुद्रावर मला काही होत नाही," तो म्हणाला.

"पिणारा प्रत्येक माणूस असंच म्हणतो."

त्याने चमचा खाली ठेवला.  मग म्हणाला, "तुझी आई असती तर तिने विचारलं असतं. हुंगलं नसतं."

एका दुपारी आइलर्ट तेल आणायला गेला असताना ती एकटी आली. तिने केबिन उपसली. बाकाखालचे खण, दोरांची पेटी, बुटांच्या आत, गादीखाली. माझ्या मागे हात घातला, भाजला, शिवी दिली. बाटली नव्हती. सुकवलेला मासा, चष्मे, एक तुटका वस्तरा, एवढंच. बाटली सापडली नाही म्हणून तिला बरं वाटायला हवं होतं. ती तशीच बाकावर बसली, आता कुठे शोधावं असा विचार करत. दार बंद. मी चालू. बाहेर वाऱ्याचा पत्ता नाही. शेजारच्या बोटीतून पेटीची घरघर.

बसल्या बसल्या तिने कपाळ चोळलं. मग पुन्हा चोळलं. उठली तर भिंत धरावी लागली. दार ढकलून डेकवर गेली आणि कठड्यावरून ओकली.

परत आली ती थेट माझ्याकडे बघत. ती नजर मी विसरलो नाही.

"तू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती एक पांढरी, बशीएवढी डबी घेऊन आली. "बाबा, ही डबी विषारी वायू ओळखते. त्या वायूला रंग नाही, वास नाही. आहे असं कळतच नाही. तुम्ही पीत नाही, तुम्हाला हा स्टोव्ह मारतोय."

"काल मी दारुडा होतो. आज खून होतोय माझा. उद्या काय?"

तिने डबी टेबलावर ठेवली. थोड्या वेळात डबी किंचाळायला लागली. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. सोलरूनने झेप घेऊन माझं तेल बंद केलं, दार उघडलं, बापाला ढकलत डेकवर नेलं. डबी हळूहळू गप्प झाली.

"बघितलंत? स्टोव्ह बंद केला, डबी गप्प."

"दार उघडलंस म्हणून गप्प."

"स्टोव्ह बंद केला म्हणून!"

ब्यार्टे त्याच्या बोटीवरून धावत आला. सगळं ऐकून म्हणाला, "काका, मी म्हणत होतोच. काढून टाका हा. माझ्या ओळखीचा माणूस आहे, तो तुमच्याकडेही पेटी बसवून देईल."

 आइलर्टने माझी काच पुसली, झाकण काढलं, आतलं भांडं बघितलं. आतून हाताचं बोट फिरवलं आणि ते सगळ्यांना दाखवलं. स्वच्छ. धुराडं ठोकून बघितलं, काजळी पडली नाही. मग लेकीकडे वळला.

"उद्या माझ्यासोबत बाहेर चल. वाऱ्याच्या आडोशाला बोट उभी करू, दार लावू, हा जळत राहील. डबी तुझ्याच हातात धर. ती ओरडली तर आल्यावर बोट विकायला काढतो. पुन्हा समुद्रावर पाय ठेवणार नाही."

"आणि नाही ओरडली तर?"

"तर तू माझं तोंड हुंगायचं नाहीस. मरेपर्यंत."

तिने हात पुढे केला. त्यांनी बाप-लेकीसारखा नाही, मासे विकत घेताना करतात तसा हात मिळवला.

सकाळी निघालो. ब्यार्टेने दोरी सोडली, चिंतेने बघत राहिला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

बेटाच्या आडोशाला आइलर्टने इंजिन बंद केलं. वारा नाही, लाट नाही. खाली आला, दार लावलं, माझं तेल सोडलं, पेटवलं, भांडं तापू दिलं, मग हळूहळू वाढवलं. सोलरूनने डबी मांडीवर घेतली. मी काही घाबरत नाही. पण त्या दिवशी मी प्रथमच स्वतःच्या ज्योतीकडे नीट बघितलं. निळी होती. तरीही बघत राहिलो. समोर बसलेल्या माणसाचं आयुष्य माझ्यावर पणाला लागलं होतं, आणि ज्या वायूला रंग नाही तो मलाही दिसत नाही.

डबी गप्प.

सोलरूनने ती माझ्याजवळ आणली. गप्प. जमिनीवर ठेवली. गप्प. बाकावर उभी राहून छताला धरली. गप्प. मग डबीवरचं बटण दाबलं. डबी किंचाळली, आइलर्ट दचकून उभा राहिला, त्याचं डोकं छताला आपटलं.

"मी फक्त तपासलं! बॅटरी आहे का ते."

"माझं डोकं आहे का तेही तपास."

ती हसली नाही. मला वाटतं तिला हसायचं होतं. आइलर्टने माझ्यावर मासा उकडायला ठेवला. तो होईपर्यंत गळ बांधत बसला. बारीक दोरी, बारीक भोक. पहिल्याच झटक्यात ओवली. मग दुसरा गळ, मग तिसरा. बोटं थरथरली नाहीत. सोलरून डबीकडे बघायचं विसरली आणि त्या बोटांकडे बघत राहिली.

जेवण झालं, कॉफी झाली, ऊन काचेवरून सरकलं. डबी गप्पच.

"पुरे," ती म्हणाली.

"नको. अजून बस. उद्या म्हणशील वेळ कमी पडला."

बसले. शेवटी तीच उठली. परतीच्या वाटेवर तिने माझं तेल बंद केलं. "आता धक्क्यावर तुला तरी कोणी काही म्हणायला नको," असं म्हणाली. माझ्याशी बोलली की स्वतःशी, कोण जाणे.

धक्क्याला आलो. ब्यार्टे वाटच बघत होता. दोरी घेतली, बांधली, टायर नीट केले. "थांबा काका, पट्टा टाकतो. मग उतरा." फट झाकली. त्याच्या बोटीतून पेटीची घरघर चालूच होती. केबिन गरम राहावी म्हणून तो ती बंद करतच नसे.

सोलरून डबी पिशवीत टाकायला खाली आली. पिशवी झडपेखालच्या खुंटीवर होती. माझं तेल बंद होतं, आत ज्योत नव्हती. धुराडं मात्र अजून कोमट होतं आणि हवा ओढत होतं.

तिचा हात पिशवीकडे गेला आणि डबी किंचाळली.

ती तशीच उभी राहिली. माझ्याकडे बघितलं. मी विझलेला. माझ्या काचेला हात लावला. ज्योत नाही. मग डबी माझ्याजवळ आणली, आवाज मंदावला. झडपेजवळ नेली, डबी पुन्हा जोरात. ती वर धावली. झडपेच्या बाहेर, त्या रबरी पट्ट्याची शेवटची कड आमच्या भिंतीला टेकली होती. तिने पट्टा उचलला. खालून कोमट, करपट हवेचा भपकारा तिच्या तोंडावर आला. डिझेलचा वास. धक्क्यावर जिथे तिथे असतो तसाच, म्हणून कोणाला वेगळा कळला नव्हता.

खाली वाकून बघितलं. ब्यार्टेच्या बोटीच्या कुशीतलं भोक. त्याच्या तोंडावर अर्धा टायर, समोर आमची कूस, वर रबरी झाकण. पेटीला धड श्वास सोडता येत नव्हता, म्हणून ती वाईट जळत होती. तो धूर त्या बोगद्यातून सरकत झडपेपाशी येत होता. आणि आतून मी हवा ओढत होतो. माझं काम मी चोख करत होतो. तो धूर आत नेणारा मीच. दुसरं करता येत नव्हतं. मला जी हवा मिळते ती मी घेतो.

"ब्यार्टे!" तिने हाक मारली. ती हाक केंद्रापर्यंत गेली असणार.

तो आला. बघितलं. आधी पटेना. "पण माझ्या केबिनमध्येही अशीच डबी आहे! ती एकदाही वाजली नाही!"

"तुझ्या केबिनमध्ये कशी वाजेल? तुझा धूर तू आमच्याकडे राहायला पाठवलास!"

"मी तर... मी काका पडू नयेत म्हणून..."  पट्ट्यावर गुडघे टेकून त्याने डोकं धरलं. हा हसरा माणूस रडायला लागला तेव्हा सगळ्या बोटींवरची माणसं बघत होती. "मीच झाकलं. मीच काकांना नावं ठेवली आणि मीच..."

आइलर्ट जिन्यात उभा होता. म्हणाला, "उठ. गुडघे गारठतील. पेटी बंद कर आधी, मग रड."

ब्यार्टेने पेटी बंद केली. पट्टा उचलून धक्क्यावर फेकला. त्याच दिवशी बोट सोडून दुसऱ्या टोकाला, मोकळ्या जागी, एकटी बांधली. शेजारी कोणी नाही अशी. संध्याकाळी पेला घेऊन आला, तेव्हा उंबऱ्यावरच थांबला. आइलर्टने कॉफी ओतली. मी त्याच्यावर घेतलेला संशय चुकला असं लोक म्हणतील. माणूस भला निघाला, हे मी मानतो. पेटीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

तो गेल्यावर सोलरून बाकावर बसली.  मग म्हणाली, "बाबा, मी तुमचं तोंड हुंगलं."

"हो."

"मी बाटली शोधली. तुमच्या बुटात."

"तिथे काय सापडलं?"

"वास."

आइलर्टचे खांदे हलले. मला आधी वाटलं खोकतोय. तो हसत होता. दोघं हसत होती. पुढच्या आठवड्यात तिने केंद्रावरचं काम सोडलं आणि त्याच्यासोबत बोटीवर आली. त्याने 'ये' म्हटलं नाही, तिने विचारलं नाही.

त्यानंतर बरेच मोसम गेले. सोलरून शेजारी कोण लागतो ते बघते, त्याचा धूर कुठून निघतो ते विचारते, नको तिथे असेल तर बोट फिरवून बांधायला लावते. लोक कुरकुरतात, पण फिरवतात. हे तुम्हीही करा. झडप उघडी आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. झडपेबाहेर काय आहे ते बघा. ज्योत निळी आहे ना, तेही बघा. माझ्यावर संशय घ्या, मी रागावणार नाही. पण तपासल्याशिवाय निकाल देऊ नका.

या मोसमात आइलर्टची बोटं पुन्हा चुकू लागली आहेत. गळ ओवताना भोक सापडत नाही. परवा त्याने माझं तेल सोडलं आणि पेटवायलाच विसरला. काल सोलरूनला आईच्या नावाने हाक मारली. एकदा नाही. ती 'ओ' म्हणाली.

आज दुपारी तिने बोट शेजारच्यांपासून सोडवून मोकळ्या पाण्यात उभी केली. दार लावलं. डबी हातात घेतली आणि बाप झोपलेला असताना केबिनमध्ये फिरली. झडपेजवळ धरली. जमिनीवर धरली. त्याच्या उशाशी धरली. बटण दाबून बघितलं, बॅटरी होती. शेवटी माझ्यासमोर गुडघ्यावर बसली, काच पुसली आणि आत बघत राहिली. मला कळलं ती काय शोधत होती. ज्योत पिवळी असावी, असं तिला वाटत होतं. मीच गुन्हेगार निघावं, असं वाटत होतं. मला काढून फेकता आलं असतं, बाप बरा झाला असता.

मी तिला ते देऊ शकलो नाही. माझी ज्योत निळी आहे.